दोन यंत्रं, दोन घड्याळं

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या स्टुडिओत १८९४-९५च्या सुमारास विल्यम डिक्सन एका भल्यामोठ्या भोंग्यासमोर उभा राहून व्हायोलिन वाजवत होता, आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत होते. चित्र फिल्मवर उतरलं, आवाज मेणाच्या नळकांड्यावर. पुढे शंभरेक वर्षं दोघांची ताटातूट झाली. फिल्म वीस सेकंदांचीही नाही. नळकांडं तुटलेलं, आणि त्यावरचं ध्वनिमुद्रण मात्र दोन मिनिटांहून लांब. त्यातला नेमका कुठला तुकडा या नाचाचा? २००० साली संकलक वॉल्टर मर्च यांनी तो संगणकावर जुळवला. पण सुरुवात सापडून भागणार नव्हतं. फिल्म सेकंदाला सुमारे ४० फ्रेमच्या वेगाने चित्रित झालेली, त्यामुळे चालही बसवावी लागली.

आज कॅमेरा एकीकडे आणि रेकॉर्डर दुसरीकडे ठेवून पहिली शॉर्टफिल्म करणाऱ्यापुढे हेच दोन प्रश्न असतात: आवाज कुठून सुरू करायचा, आणि तो चित्राच्या चालीने चालतो का? बहुतेक नवशिके पहिल्यावरच थांबतात.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. क्लॅपच्या दोन पट्ट्या ज्या फ्रेममध्ये भिडतात ती फ्रेम, आणि ध्वनीच्या आलेखात सुळका उठतो ती जागा, एकमेकांखाली आणायची. क्लॅपबोर्ड नसेल तर हाताची टाळी चालते. फक्त ती कॅमेऱ्याला दिसली पाहिजे आणि मायकजवळ वाजली पाहिजे. ‘आलम आरा’च्या (१९३१) वेळी ही कटकट नव्हती, कारण तिथे आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर नोंदले जात. पुढे आपल्याकडे अनेक दशकं खडखडणाऱ्या कॅमेऱ्यांचं राज्य होतं. सेटवरचा आवाज केवळ ‘पायलट’ म्हणून घ्यायचा आणि नंतर डबिंग करायचं. ‘लगान’ (२००१) कच्छच्या उघड्या माळावर, शेकडो माणसांच्या गर्दीत सिंक साऊंडने, म्हणजे सेटवरचाच आवाज अंतिम धरून, चित्रित झाला. त्याच्या ध्वनीसाठी नकुल कामते आणि एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डबिंगची सवय मोडायला त्या चित्रपटाने मोठाच हातभार लावला.

आता खरी गंमत दुसऱ्या प्रश्नाची. प्रत्येक यंत्राच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकाचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. लीकॉक-पेनबेकर या माहितीपटकार मंडळींनी १९६०च्या सुमारास कॅमेरा आणि टेपरेकॉर्डरमधली तार तोडण्यासाठी नादकाट्यावर चालणाऱ्या मनगटी घड्याळाचा आधार घेतला, तो याचसाठी. समजा, एका घड्याळात दहा लाखांत २० भागांची चूक आहे, तर तासाला ७२ मिलिसेकंद. दुसरं तेवढंच उलट दिशेला चुकत असेल तर १४४. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमचा प्रघात आहे. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे तासाअखेर साडेतीन फ्रेमचा घोळ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. उशीर आपण जास्त खपवून घेतो. नदीपलीकडच्या धोब्याचा हात आधी दिसतो, धोपटणं नंतर ऐकू येतं, याची कानाला सवय आहे. आधी आलेला आवाज मात्र खोटा वाटतो.

हाच हिशेब चार मिनिटांच्या टेकला लावला तर फरक जेमतेम दहा मिलिसेकंदांचा, पाव फ्रेमचा. म्हणून शॉर्टफिल्मवाल्याने टाइमकोडच्या महागड्या पेट्यांमागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ती पेटीही मुळात पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देते: क्लिप कधी सुरू झाली याचा शिक्का मारते. लांब क्लिपच्या आत यंत्रांनी चाल बदलली, तर शिक्का काय करणार?

चालीचा प्रश्न भेडसावतो तो कीर्तन, एकांकिका, मैफल सलग टिपणाऱ्यांना. तिथे आणखी एक चकवा आहे. संकलनाची सॉफ्टवेअर (डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे) कॅमेऱ्याच्या मायकवरचा कच्चा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज यांचे आलेख ताडून आपोआप जुळवणी करतात. पण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास १४ मीटर. कॅमेरा नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला, रंगमंचापासून २७ मीटरवर असेल, तर त्याला संवाद दोन फ्रेम उशिरा पोचतो. सॉफ्टवेअर रंगमंचावरचा स्वच्छ आवाज त्या उशिराशी इमानाने जुळवतं. आलेख बरोबर, ओठ चुकलेले! अशा वेळी ओठांकडे बघून ट्रॅक दोन फ्रेम अलीकडे सरकवायचा. मर्यादेत बसतं म्हणून सोडून देऊ नये. प्रेक्षकाच्या टीव्हीने किंवा ब्लूटूथ स्पीकरने त्यात स्वतःचा उशीर घातला की मर्यादा संपते.

काही चुका घड्याळाच्या नसून सेटिंगच्या असतात. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा, ४४.१ हा सीडीचा आकडा आहे. २४ आणि २३.९७६ फ्रेम एकच समजल्यास तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडते. मोबाइल तर प्रकाश पाहून फ्रेमचा वेगच कमीजास्त करतो. त्याचं चित्रण संकलनाआधी स्थिर वेगात बदलून घेतलेलं बरं.

तेव्हा सलग चित्रण करणार असाल तर क्लॅप दोनदा द्या, आरंभी आणि अखेरीस. शेवटचा क्लॅपबोर्ड उलटा धरायचा, ही जुनी रीत. पहिला क्लॅप जुळवून दुसरा किती फ्रेम हुकला ते पाहिलं की तुमच्या दोन यंत्रांमधली तफावत हाती येते. मग ध्वनीची क्लिप तेवढीच ताणा किंवा आखडा, अथवा दोन वाक्यांमधल्या शांततेत कापून सरकवा. आणि हे प्रयोगाच्या दिवशी शिकू नका. आदल्या रविवारी दोन्ही यंत्रं तासभर घरीच चालू ठेवा, दोन टाळ्या वाजवा आणि निघालेला फरक रेकॉर्डरच्या डबीवर लिहून ठेवा.