व्यापारी यश, एकस्वविषयक
एखादा शोध त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्यासारखा नव्हता, हे दाखविण्यासाठी एकस्वाच्या (पेटंटच्या) वादात पुढे केला जाणारा आनुषंगिक पुरावा. उपाय उघड असता, तर बाजारातील लाभ ओळखून इतरांनी तो पूर्वीच योजला असता, हे यामागील तर्कसूत्र होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डिअर कंपनी या निर्णयात व्यापारी यश, दीर्घकाळ जाणवलेली गरज व इतरांचे अपयश यांना दुय्यम निकष म्हणून स्थान दिले.

विक्री व शोध यांतील कार्यकारणसंबंध दाखविण्याची जबाबदारी एकस्व मागणाऱ्यावर असते. उदा., इमारतींसाठीच्या नव्या उष्णतानिरोधक थराचा खप इंधनाची दरवाढ, शासकीय अनुदान, जाहिरात किंवा उत्पादकाचा नावलौकिक यांमुळेही वाढू शकतो. म्हणून ग्राहकांनी तो थर त्यातील नव्या रचनेमुळेच घेतला, असे सिद्ध करावे लागते. विक्रीचे नुसते आकडे सहसा पुरेसे मानले जात नाहीत. तशा मालाच्या एकूण बाजारपेठेतील हिस्साही दाखवावा लागतो. अमेरिकेत ही माहिती शपथपत्राने परीक्षकापुढेच मांडणे हिताचे असते. कारण अपिलात सामान्यतः नवा पुरावा स्वीकारला जात नाही.

मात्र हा पुरावा निर्णायक नसतो. १९६६ च्या उपर्युक्त निर्णयातच कीटकनाशकाच्या एका फवाऱ्याचे व्यापारी यश मान्य होऊनही पूर्वज्ञात तंत्राशी तुलना करता त्याचे एकस्व अवैध ठरले.