पत्ता मामाचा, जागा शेजाऱ्याची

शाळेच्या प्रवेशअर्जात मामाच्या घरचा पत्ता घातला, तर आपल्याकडे त्याला फारसे कोणी खोटेपणा म्हणत नाही. लेकरासाठी आईबाप एवढे करणारच, असे म्हणून विषय मिटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांचा प्रश्न असेल, तर तो इतक्या सहज मिटू नये. २००९च्या या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान एक चतुर्थांश जागा आपल्या परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या असतात. मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. महाराष्ट्रात पालक ऑनलाइन अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करतात. शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार आधी होतो, १ ते ३ किलोमीटरमधल्यांचा नंतर, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. पैसा, ओळख, हुशारी हे सगळे बाजूला ठेवल्यावर अग्रक्रम ठरवायला घराच्या अंतराइतके दुसरे काही हाताशी राहत नाही. नकाशावरची खूण दोन किलोमीटर सरकवली, की शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतले एखादे मूल प्रतीक्षा यादीत जाते. सरकारचे यात काहीच जात नाही. ज्याचे जाते त्याला ते कळतही नाही, म्हणून तर हा खोटेपणा इतका निरुपद्रवी वाटतो.

यावर आक्षेप येतो, की चांगल्या शाळा महागड्या वस्त्यांत असतात, मग अंतराची अटच गरिबांच्या विरोधात नाही का? थोडीफार आहे. पण महागड्या इमारतींची धुणीभांडी करणारे, वाहने पुसणारे, रखवाली करणारे लोकही बरेचदा त्याच परिसरात राहतात, आणि खोट्या पत्त्याने पहिला फटका त्यांच्याच मुलांना बसतो. अट जाचक असेल तर ती बदलून घ्यावी; ती पाळणाऱ्याची जागा घेऊन तिचा जाच कमी होत नाही.

मग पडताळणी कडक करावी, हे ओघाने आलेच. कडक म्हणजे किती, हा खरा प्रश्न. इंग्लंडमधल्या पूल शहराच्या नगर परिषदेने २००८ मध्ये शाळेसाठी दिलेला पत्ता खरा की खोटा हे पाहायला एका कुटुंबावर तीन आठवडे पाळत ठेवली. पत्ता खरा निघाला, आणि २०१० मध्ये न्यायाधिकरणाने ती पाळतच बेकायदा ठरवली. आपल्याकडे अडचण उलटी आहे: इथे माणसाकडे कोणी बघत नाही, कागदाकडे बघतात. भाडेकरूकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. लबाडाला तो ओळखीच्या घरमालकाकडून करून घेता येतो. खोलीत खरोखर राहणाऱ्याला मात्र मालक तो करूनच देत नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, कलम ५५ मध्ये, करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावरच टाकलेली आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. पडताळणी समितीसमोर अर्ज बाद होतो तो मात्र भाडेकरूच्या मुलाचा.