द्रवीभूत वायू आणि दाभोळचा बांध

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता द्रवरूप होतो व त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. म्हणूनच तो जहाजातून दूरवर नेणे शक्य होते. मात्र तो उतरविताना जहाज व धक्का यांना जोडणाऱ्या नळ्यांना मर्यादित हालचालच सोसते. जहाज हेलकावू लागल्यास काम थांबवावे लागते. दाभोळ येथे २०१३ साली अशा वायूची आयात सुरू झाली. परंतु लाटा अडविणारा बांध अपुरा असल्याने पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागत नसत. टाक्या व यंत्रसामग्री सिद्ध असूनही आयात खंडित होई. तात्पर्य, बंदराच्या विस्ताराचा विचार करताना टाक्यांच्या आकाराआधी पाण्याच्या स्थैर्याचा विचार करावयास हवा.