दूध : गाईचे, म्हशीचे की वनस्पतीचे?

गाईचे दूध श्रेष्ठ की म्हशीचे, हा प्रश्न पालकसभेत वारंवार निघतो. अलीकडे त्यात सोयाबीन, बदाम व नारळ यांच्या ‘दुधा’ची भर पडली आहे. शिक्षकाने एका शब्दात उत्तर देऊ नये. दूध कोणत्या मुलासाठी आहे आणि ते कसे हाताळले आहे, हे आधी पाहावे.

मुंबई उपनगरातील चारकोप हे मूळचे खाडीकाठचे गाव. तेथून लोहमार्गापलीकडे, गोरेगावच्या पूर्वेस, १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली व शहरातील कोंदट तबेल्यांतील म्हशी तेथे हलविण्यात आल्या. या कार्याचे प्रवर्तक दारा खुरोडी यांनी १९४६ साली ‘टोन्ड’ दूध प्रचारात आणले. म्हशीच्या दुधात सुमारे ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी प्रमाणात मिसळून तो ३ टक्क्यांवर आणतात. प्रथिने व कॅल्शियम टिकून राहतात आणि दूध स्वस्त पडते. नुसते पाणी घातलेल्या दुधाची गोष्ट निराळी. त्यात सारेच घटक उणे होतात. म्हणून दाट साय ही पोषणाची एकमेव खूण मानू नये.

गाईच्या दुधात सुमारे ३.५ ते ४ टक्के स्निग्धांश व ३.२ टक्के प्रथिने असतात. शेळीचे दूध बरेचसे तसेच असते. सोयाबीनच्या पेयात प्रथिने जवळजवळ तितकीच असतात. बदाम व नारळाच्या पेयांत मात्र ती फारच थोडी. कॅल्शियम वरून घातले नसेल तर ही पेये दुधाची जागा घेत नाहीत. ज्या घरी दूध परवडत नाही, तेथे नाचणी, तीळ व डाळी यांचा आग्रह धरावा.

धारोष्ण दूध बलवर्धक असते, ही समजूत घातक आहे. निरशा दुधातून क्षय व ब्रुसेलोसिस यांसारखे रोग पसरू शकतात. दूध कोणत्याही जनावराचे असो, ते उकळूनच द्यावे. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवून थंड करतात. उकळल्याने जंतू मरतात, भेसळ मात्र जात नाही.

वर्गात एखादे मूल दूध नाकारते तेव्हा त्याला हट्टी ठरवू नये. दुग्धशर्करा न पचल्यास पोटात गुडगुडते, दुखते व जुलाब होतात. अशा मुलास दही वा ताक बहुधा सोसते. दुधातील प्रथिनांचे वावडे ही याहून गंभीर बाब होय. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसताच मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. गाईचे दूध बाधते म्हणून म्हशीचे वा शेळीचे देऊन पाहू नये. त्यांतील प्रथिने पुष्कळशी सारखीच असतात.

तान्ह्या भावंडांविषयीही मातांना सांगावे : पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वर्षाच्या आत गाईचे वा वनस्पतीचे दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये.

प्रत्येक शिक्षकाने दूध न सोसणाऱ्या मुलांची नोंद पालकांना विचारून हजेरीपटासोबत ठेवावी, आणि अशा मुलास दूध पिण्याची सक्ती कधीही करू नये.