न वाचता जपलेले

आमच्या भागातील जुन्या वाड्यांत मोडी कागदांची दफ्तरे सापडतात. ज्यांनी ती फडक्यात बांधून दोन-तीन पिढ्या सांभाळली, त्यांतील अनेकांना मोडीचे एक अक्षरही येत नव्हते. जपण्यासाठी वाचता यावेच लागते असे नाही. टीव्हीच्या बाबतीत हीच गोष्ट मला उमगली ती नांदेडच्या घराच्या गच्चीवर.

तिथल्या मोठ्या छत्रीला माझा जुना एचडी रिसिव्हर जोडलेला आहे. एकदा त्यावर परदेशी उपग्रहावरची खुली फोर-के चाचणी वाहिनी लावली. पडदा काळाच राहिला. तरी रेकॉर्डिंगचे बटण दाबून पाहिले, तर पेन ड्राइव्हवरची फाइल वाढू लागली! ती घेऊन लातूरच्या मित्राकडे गेलो. त्याच्या नव्या संगणकावर चित्र लख्ख उमटले. माझ्या पेटीला जे दाखवता आले नव्हते, ते तिने जसेच्या तसे उतरवून ठेवले होते.

हे कसे घडते? डिजिटल प्रक्षेपण म्हणजे १८८ बाइटच्या पुड्यांची अखंड रांग. पुडीत चित्र आहे की आवाज, हे तिच्यावरच्या क्रमांकावरून ठरते. रिसिव्हरमधील ट्यूनर लहरींतून या पुड्या वेगळ्या काढतो, तर डीकोडर त्या उलगडून चित्र तयार करतो. रेकॉर्डिंग होते ते या दोन कामांच्या मध्ये, पुड्या उलगडण्याआधी. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. एवढा ऐवज मावावा म्हणून तो बहुधा एचईव्हीसी पद्धतीने दाबून पाठवतात. ही पद्धत २०१३ ची. त्याआधीच्या डीकोडरला ही लिपी वाचता येत नाही. पण ट्यूनर डीव्हीबी-एस२ या मानकाचा असेल, तर पुड्या घरापर्यंत पोहोचू शकतात.

प्रत्येक जुन्या पेटीला मात्र हे साधत नाही. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सेवा सुरू झाली, तेव्हाच्या पेट्यांचे ट्यूनर त्याआधीच्या डीव्हीबी-एस मानकाचे. त्यांच्या हाती एस२ च्या पुड्या लागतच नाहीत. काही रिसिव्हर अनोळखी प्रकारचा चित्रप्रवाह गाळून फक्त आवाज साठवतात. जागेचाही प्रश्न असतो. सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाने तासाला सुमारे ११ जीबी जागा लागते. पेन ड्राइव्हची मांडणी फॅट३२ असेल, तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. रिसिव्हर तिचे तुकडे पाडत नसेल, तर साधारण २३ मिनिटांत काम थांबते.

या अडचणींवर उपाय निघतो. खरी अडचण कुलपाची आहे. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी आपल्याकडे डीटीएचवर फोर-के सामने दिसले, ते सशुल्क. सशुल्क वाहिन्यांच्या पुड्या सांकेतिक असतात. त्या नुसत्या उतरवून घेतल्या, तर हाती कुलूपबंद पेटारा उरतो.

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे तीर्थ. या पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले गेले, पण बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. आजची संकेतपद्धती एखाद्या अभ्यासकाला अशी सुटेल, या भरवशावर राहता येणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर दूरदर्शनने जे दाखवले, ते घरचा साधा व्हीसीआर फितीवर घेऊ शकत होता. आपला १९५७ चा प्रताधिकार कायदाही कलम ३९ मध्ये खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग प्रसारकाच्या हक्काचा भंग मानत नाही. कायद्याने ठेवलेली ही वाट व्यवहारात कुलूप बंद करते.

म्हणून यूएसबीची सोय असलेला एस२ रिसिव्हर भंगारात देण्याआधी एकदा तपासून पाहावा. उद्या १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन फोर-केमध्ये आणि खुला प्रक्षेपित झाला, तर लातूरच्या एखाद्या घरातील जुनी पेटीही तो पुढच्यांसाठी जपू शकेल. तो कुलपात आला, तर नवी कोरी पेटी त्या दिवशी दाखवील. पुढे तो कुणाला पाहता येईल, हे किल्लीवाला ठरवील.