चेंडूवर नजर ठेवता येते का?

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी उरकत येते आणि ज्या बांध्यांत लाखोरी टाकलेली नसते, तिथे मुलांचे क्रिकेट सुरू होते. फलंदाज चुकला की बाहेरून हमखास आवाज येतो, ‘अरे, चेंडूवर नजर ठेव!’ हा सल्ला देणाऱ्यांत आपण शिक्षकही असतो. पण हाच सल्ला अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने एक धंदा होऊन बसला आहे. डोळ्यांना व्यायाम द्या, नजर तेज करा, फटके आपोआप सुधारतील, असे सांगणारी यंत्रे, चष्मे आणि मोबाइलवरचे कार्यक्रम विकले जातात. मोबाइल आता गावोगावी पोचला असल्याने असा कार्यक्रम घेऊन एखादा पालक उद्या आपल्याला विचारायला येऊ शकतो. तेव्हा या दाव्यात किती तथ्य आहे ते तपासून पाहू या.

आधी थोडे गणित करू. समजा चेंडू ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने येतो आहे आणि तो फलंदाजाच्या डोळ्यांपासून १ मीटर अंतराने बाजूने जाणार आहे. चेंडू १० मीटर दूर असताना त्याच्यावर नजर खिळवून ठेवायची तर नजर सेकंदाला सुमारे ११ अंश या गतीने वळवावी लागते. चेंडू ३ मीटरवर आला की हीच गती सुमारे ११५ अंश होते आणि तो अगदी बाजूला येतो तेव्हा ११०० अंशांच्याही वर जाते. एस.टी.च्या खिडकीतून दूरची टेकडी संथपणे सरकताना दिसते आणि रस्त्याकडेचे खांब मात्र झरकन निघून जातात, तोच हा प्रकार. हलत्या वस्तूचा सलग पाठलाग करण्याची आपल्या डोळ्यांची मर्यादा सेकंदाला साधारण १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे शाळकरी गोलंदाजाचा चेंडूसुद्धा बॅटला लागेपर्यंत पाहत राहणे कठीणच. अमेरिकेतील बाहिल आणि लारिट्झ यांनी १९८४ साली बेसबॉलपटूंवर हेच मोजून दाखवले. त्यांच्या प्रयोगातील व्यावसायिक खेळाडूच्या नजरेतूनही चेंडू शेवटच्या सुमारे दीड मीटरवर निसटला.

मग चांगल्या खेळाडूचे डोळे निदान चपळ तरी असतात का? या प्रश्नावर पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्हाला फार आवडतो, कारण तो आपल्याकडे दर हिवाळ्यात नकळत होतच असतो. त्याने मॅटिंगखाली लाकडी दांड्या ठेवल्या. टप्पा पडल्यावर चेंडू डावीकडे वळेल की उजवीकडे, हे कुणालाच आधी सांगता येत नव्हते. आपल्या बांधीतली धानाची धसकटे हेच तर करतात! आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांचे चित्रीकरण तपासले तेव्हा दिसले, की चेंडू वळल्यानंतर साधारण ०.२ सेकंद त्यांच्या बॅटच्या हालचालीत काहीही बदल होत नाही. हा काळ सामान्य माणसाइतकाच आहे. ताशी ७२ किलोमीटरचा चेंडू ०.२ सेकंदात ४ मीटर जातो. म्हणून तीन मीटरवरच्या धसकटाला लागून वळलेला चेंडू कोणालाच टोलवता येणार नाही. लागलाच तर तो योगायोग. अशा चेंडूवर बाद झालेल्या मुलाला रागावण्यात अर्थ नाही.

हा ०.२ सेकंद वर्गातही मोजता येतो. एका मुलाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी ठेवावी. न सांगता पट्टी सोडली की दुसऱ्याने ती पकडायची. ती साधारण २० सेंटिमीटरवर पकडली गेली तर प्रतिक्रियाकाळ ०.२ सेकंद झाला. वर्गातला क्रिकेटवीर आणि क्रिकेटकडे कधी न फिरकणारी मुलगी यांचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. फरक असेल, पण मैदानावरच्या फरकाइतका तो नसेल.

मैदानावरचा फरक येतो कुठून? लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. फलंदाज चेंडू सुटण्याची जागा पाहतो आणि लगेच नजर चेंडूला सोडून पुढे उडी मारते. जिथे टप्पा पडणार तिथे ती आधीच जाऊन थांबते! टप्प्यानंतर ती चेंडूला काही क्षण पुन्हा पकडते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर होते, कच्च्या फलंदाजाची उशिरा. म्हणजे तो जास्त पाहत नाही, तर त्याला आधी कळते. गोलंदाजाच्या मनगटाची आणि हाताची ठेवण पाहूनच त्याच्या मेंदूने अंदाज बांधलेला असतो. ताशी १४४ किलोमीटरचा चेंडू पाऊण सेकंदसुद्धा देत नाही. हातातून सुटून तो ०.४४ सेकंदात फलंदाजापाशी येतो आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ प्रतिक्रियेतच जातो. अंदाजाशिवाय इथे गत्यंतर नाही.

नजरेच्या तीक्ष्णतेबद्दलचा निष्कर्ष तर आणखी चकित करणारा आहे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मान व सहकाऱ्यांनी २००७ साली कुशल फलंदाजांच्या डोळ्यांत मुद्दाम दृष्टी अंधूक करणारी भिंगे बसवून त्यांना यंत्राने टाकलेले चेंडू खेळायला लावले. +१ आणि +२ च्या भिंगांनी फलंदाजीत लक्षणीय घसरण झाली नाही. +३ ला ती झाली. आपल्याकडचे उदाहरण मन्सूर अली खान पतौडी यांचे. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा अधू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी कसोटी पदार्पण केले, मार्च १९६२ मध्ये २१ व्या वर्षी ते कर्णधार झाले आणि १९६४ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद २०३ धावा काढल्या.

आता मूळ दाव्याकडे येऊ. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला २०११ च्या हंगामाआधी सहा आठवडे दृष्टिप्रशिक्षण दिले गेले. चमकणारे दिवे हाताने टिपणे, क्षणभर झळकलेले अंक ओळखणे, दोरीत ओवलेल्या मण्यांवर आळीपाळीने नजर रोखणे, असे व्यायाम होते. संघाची फटक्यांची सरासरी ०.२५१ वरून ०.२८५ झाली, म्हणजे हजार संधींमागे २५१ ऐवजी २८५ यशस्वी फटके. आकडा चांगला आहे. पण प्रशिक्षण अख्ख्या संघाला दिले होते. त्याच संघातला, प्रशिक्षण न घेतलेला, तुलनेचा गट नव्हता. वर्षभरात मुले मोठी झाली, सराव वाढला, काही खेळाडू बदलले. श्रेय नेमके कशाला द्यायचे?

तुलनेचा गट किती मोलाचा असतो ते ॲबरनेथी आणि वुड यांच्या २००१ सालच्या प्रयोगात दिसते. ४० जणांचे चार गट केले. दोन गटांना डोळ्यांचे व्यायाम दिले, एकाला फक्त खेळाविषयी वाचायला दिले आणि एकाला काहीच विशेष दिले नाही. चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तर सुधारणा दिसली, पण व्यायाम घेतलेल्या गटांची सुधारणा इतरांहून अधिक नव्हती. तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस सरावतो, एवढेच! घटक चाचणीचा तोच पेपर पुन्हा दिला तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहेच.

२०१४ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड विद्यापीठात १९ बेसबॉलपटूंना ‘अल्टिमआइज’ या कार्यक्रमाची ३० सत्रे दिल्यावर दृष्टितीक्ष्णता सरासरी ३१ टक्क्यांनी सुधारल्याचा आणि संघाच्या धावा वाढल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या कार्यक्रमाच्या विक्रेत्यांवर कारवाई केली. नजर सुधारते हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, या त्यांच्या जाहिरातीला पुरेसा आधार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. तडजोडीत दीड लाख डॉलर भरण्याचे ठरले. पडद्यावरची अक्षरे ओळखण्याचा सराव केला की पडद्यावरची अक्षरे अधिक चांगली ओळखता येतात. तो सराव मैदानापर्यंत पोचतो, हे वेगळे सिद्ध करावे लागते. गोलंदाजाच्या हाताकडे पाहून चेंडूचा अंदाज बांधण्याचा सराव आम्हाला त्याहून भरवशाचा वाटतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. मुलांना फलंदाजाच्या मागे जाळीआड उभे करावे, चेंडू सुटताच डोळे मिटायला सांगावे आणि टप्पा कुठे पडला ते विचारावे.

या सगळ्यावरून नजर कशीही असली तरी चालते, असे मात्र कोणी समजू नये. पतौडी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांनी खेळ शिकले होते. मान यांचे फलंदाजही आधीच तयार झालेले होते. ज्या मुलाला पहिल्यापासूनच अंधूक दिसते, त्याला गोलंदाजाचे मनगट कधी नीट दिसलेलेच नसते. तो अंदाज शिकणार कशावरून? आमच्या मते आपल्या शाळांतला खरा प्रश्न हा आहे. मैदानावर ‘धांदरट’ ठरलेला आणि वर्गात फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारा मुलगा पुष्कळदा एकच असतो. त्याला व्यायाम नको, चष्मा हवा.

ही तपासणी शिक्षकाला करता येते. ‘E’ अक्षर चारही दिशांना वळवलेला तक्ता उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा आणि मुलाला बरोबर ६ मीटरवर उभे करावे. साध्या अक्षरांच्या तक्त्यात रांगेतली पुढची मुले ऐकून पाठ करतात, म्हणून ‘E’ बरा. एक डोळा तळहाताचा खोलगा करून झाकावा, दाबू नये. दाबला तर तो उघडल्यावर काही क्षण धूसर दिसते. डोळे बारीक करून पाहू देऊ नये. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासणे महत्त्वाचे, कारण एका डोळ्याने नीट दिसत असेल तर दुसरा अधू असल्याचे मुलाला स्वतःलाही माहीत नसते. ज्यांना खालच्या रांगा ओळखता येत नाहीत त्यांची नावे लिहून ठेवावीत आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ती यादी त्यांच्या हाती द्यावी. पथक यायला अवकाश असेल, तर थांबू नये. पालकांना सांगून मुलाला ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.