पायवाट हाच पुरावा

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौदा जण देवरीहून चिचगड रस्त्याला लागलो. सकाळचे सात वाजले होते. थंडीच्या लाटेत विदर्भातील सर्वांत कमी तापमानाच्या यादीत गोंदियाचे नाव नेहमी येते. मोटारसायकलच्या हँडलवर बोटे आखडली तेव्हा ते पटले. पुढे एका गावात गाड्या ठेवल्या आणि जंगलातील डोंगरवाट धरली. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तेथील बौद्ध व ढिवर कुटुंबांचा वनहक्काचा दावा प्रलंबित आहे आणि त्या कामात मी वकील म्हणून उभा आहे.

सोबतच्या पोरांना वाटले, वकीलसाहेबांनी सहल काढली. सहल होतीच. पण आपल्या समाजात सहल अजूनही चैन समजली जाते. कार्यकर्त्याचा रविवार म्हणजे सभा, मोर्चा नाहीतर वर्गणी. डोंगर पाहायला जाणे हा रिकामटेकड्यांचा धंदा, असा आपला समज. या समजाला उत्तर खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाने धुळीने माखलेले हे लोक प्रवेशद्वारापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुऊन आत निघाले, तोच पाणी बाटविल्याची ओरड झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कोण कुठे मोकळेपणाने चालू शकतो, हा प्रश्न साधा नाही, हे त्या शिपायाने दाखवून दिले.

आमच्या पुढे चालत होते गावातले एक आजोबा. वय पंच्याऐंशीच्या आसपास, पायात प्लास्टिकची चप्पल, हातात काठी. त्यांचे वडील गावची कोतवालकी करीत. धानाची मळणी आटोपलेली, मोहफुलाला अजून तीन महिने, तेंदूपत्त्याला पाच. गावाला उसंत असते ती याच दिवसांत. पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत वाळून बसते आणि जुनी वाट उघडी पडते. ऐन, धावडा, बीजा यांच्यामधून ती वर चढत होती. एका ठिकाणी अस्वलाने वारूळ उकरलेले ताजे दिसले. पोरांची बडबड थांबली. आजोबा हसून म्हणाले, "त्याचाही रस्ता हाच हाय जी."

दीड तासाच्या चढानंतर एक सपाट जागा आली. ही गावाची रिठी, म्हणजे जुने उठलेले गाव. देवीच्या साथीत माणसे मेली आणि उरलेली खाली उतरली, असे आजोबांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते. घरांच्या जोत्याचे दगड, एक मोहाचे झाड आणि दोन बुजलेल्या विहिरी. एक मधोमध, दुसरी शंभर-दीडशे पावले दूर, उताराच्या बाजूला. एका पोराने विचारले, "एवढ्या लहान गावाला दोन विहिरी कशाला?" आजोबांनी काठी दूरच्या विहिरीकडे केली. "थे गावची. हे आपली."

क्षणभर कोणी बोलले नाही. मी मात्र वही काढली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू आहे. त्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे वास्तव्य व जंगलावरील अवलंबन दाखवावे लागते. परंतु आपण, ढिवर, गोवारी असे जे 'इतर पारंपरिक वननिवासी' आहोत, त्यांना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे सिद्ध करावी लागतात. म्हणजे थेट १९३०! त्या काळी ज्याच्या नावावर जमीन नव्हती, ज्याला शाळेत घेत नव्हते, त्याने १९३० चा कागद आणायचा कुठून? आमचा दावा याच मुद्द्यावर एकदा परत आला आहे.

पण कायदा फक्त कागद मागत नाही. वनहक्क नियमांतील नियम १३ नीट वाचा. त्यात जुने नकाशे, जनगणना, सेटलमेंट अहवाल आहेत. तसेच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे या भौतिक खुणा आहेत आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदविलेला जबाबही आहे. पुरावे एकापेक्षा अधिक हवेत, एवढेच. अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरू नये, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. पंचाहत्तर वर्षांची अट त्याच तुकड्याच्या वहिवाटीची नसून जंगलातील वास्तव्याची व अवलंबनाची आहे, असा खुलासा केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानेही केलेला आहे. तेव्हा ज्या वेगळ्या विहिरीने आमच्या आज्या-पणज्यांचा अपमान केला, तीच विहीर आज आमची साक्षीदार आहे. अस्पृश्यता होती, म्हणून वेगळी विहीर होती. आणि विहीर होती, म्हणजे आम्ही येथे होतो.

उतरताना आणखी एक गोष्ट घडली. वळणावर वाळल्या लाकडांची मोळी घेतलेली एक बाई समोरून आली. आमचे पँट-शर्ट पाहताच तिने मोळी झुडपात टाकली आणि वाट सोडून उभी राहिली. आजोबांनी हाक मारली तेव्हा पुढे आली. म्हणाली, "मले वाटलं, जंगलवाले आले."

आम्ही वर्षातून एकदा येणारे, म्हणून मोकळे. ती रोज येणारी, म्हणून चोर! हा न्याय कुठून आला? भारतीय वन अधिनियम १९२७ चा. याच साली २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला, आणि याच साली झालेल्या या कायद्याच्या कलम २६ ने राखीव जंगलात शिरणे व गुरे चारणे गुन्हा ठरविले. कलम २५ तर पर्यायी वाट असल्यास जंगलातील वाटच बंद करण्याचा अधिकार देते. २००६ च्या कायद्याने या ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली आणि निस्ताराचा हक्क मान्य केला. पण तो हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि न मागितल्याची किंमत मोठी आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटविण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे.

आपले आदिवासी बांधव या बाबतीत आपल्यापुढे आहेत. शेजारच्या सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगड आहे. तेथील गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगोने केली, अशी गोंडी परंपरा आहे. दर माघ पौर्णिमेला हजारो माणसे तो डोंगर चढतात. जी वाट समाज दरवर्षी चालतो, ती वाट कोणाला सहजी पुसता येत नाही. ओडिशात नियमगिरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धार्मिक हक्काचाही निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

म्हणून माझे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, होळीपर्यंतचे रविवार डोंगरात घालवा. गावातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. रिठी, विहीर, मसणवटा यांचे फोटो काढा, नकाशा करा. जबाब लिहून घ्या, वाचून दाखवा, अंगठा घ्या. मालगुजारीच्या काळातील निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्जच्या नकला रेकॉर्ड रूममधून काढा. दावा फेटाळला तर कारणे लेखी मागा आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जा. विहीर आणखी काही वर्षे टिकेल. आजोबांचे तसे नाही.

त्या दिवशी आमच्या दोन पोरांनी मोळी उचलून बाईच्या डोक्यावर दिली. ती पुढे निघाली, आम्ही तिच्या मागे चाललो. संध्याकाळी समाजमंदिरात आजोबांचा जबाब पूर्ण झाला. पाने सहा झाली.